पत्रिकेतला मंगळ आणि जुन्या पोथ्यांतली शंका



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे स्थळे बघायला सुरुवात होते. मुलगी किती शिकली, भाऊ काय करतो, शेती बागायती की जिरायती, हे सगळे विचारून होते आणि मग हळूच प्रश्न येतो, "पत्रिका आहे ना?" पत्रिका पाठवली जाते. चार दिवसांनी निरोप येतो, "मुलगी चांगली आहे हो, पण मंगळ आहे." बोलणे तिथेच थांबते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली असेल तर म्हणे सासऱ्याला वाईट, आश्लेषावर असेल तर सासूला, ज्येष्ठावर असेल तर थोरल्या दिराला. म्हणजे सून घरात यायच्या आधीच घरातल्या कोणाचे तरी दुखणे तिच्या नावावर लिहून ठेवलेले. पुढे नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर "पांढऱ्या पायाची" हे शब्द तयारच असतात.

हे खरे की खोटे असा विषय निघाला की बैठकीत लगेच दोन गट पडतात. एक म्हणते, "हे ऋषिमुनींचे शास्त्र आहे, त्यावर शंका घ्यायची नसते." दुसरी म्हणते, "सगळ्या थापा आहेत." आज आम्ही भांडणात न पडता मागे जाऊन बघणार आहोत. पत्रिका नावाची ही गोष्ट आपल्याकडे कधी आणि कशी आली, आणि तिच्यावर शंका घेणारे पहिले कोण होते?

आधी आपल्या ओळखीचे घेऊ. मृग लागला की पेरणीची घाई. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, त्यानंतर दोन आठवड्यांनी आर्द्रा. सूर्य आकाशातल्या कोणत्या तारकांपाशी आला आहे त्यावरून हा हिशेब चालतो. यात भविष्य कमी आणि दिनदर्शिका जास्त आहे. चंद्राच्या वाटेवरची ही नक्षत्रे वेदांच्या काळापासून आपल्याकडे मोजली जात होती. वेदांग ज्योतिष हा फार जुना ग्रंथ आहे. यज्ञ कधी करायचा, महिना कधी बदलतो, दिवस किती वाढला नि किती घटला, एवढेच त्यात आहे. कोणाच्या मुलीचे लग्न जुळेल की नाही, हे त्यात नाही.

मेष, वृषभ या बारा राशी त्या वेळी नव्हत्याच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. पेशाने ते शिक्षक होते. मेष-वृषभ ही नावे वेदांत सापडत नाहीत हे त्यांनी पानोपानी तपासून दाखवले. जन्माच्या वेळी पूर्वेला कोणती रास उगवत होती ते बघायचे, त्याला लग्न म्हणायचे, तिथून बारा घरे मोजायची आणि माणसाचे भविष्य सांगायचे, ही पद्धत ग्रीक लोकांशी, म्हणजे यवनांशी, आपला संबंध आल्यावर इथे रुजली. पत्रिकेत आपण ज्याला केंद्र म्हणतो तो शब्दसुद्धा ग्रीक आहे. यात कमीपणा काही नाही. मिरची आणि बटाटाही बाहेरूनच आले आणि आपले झाले. पण "वेदांत लिहिलंय" म्हणून कोणी आपल्याला गप्प करत असेल, तर एवढी माहिती हाताशी असावी.

आता शंकेकडे येऊ. बुद्धांच्या जातककथांमध्ये नक्षत्राचीच एक कथा आहे. शहरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी आपल्या मुलासाठी मागितली. दिवस ठरला. मग त्यांनी आपल्या घरच्या गुरूला विचारले, "आजचे नक्षत्र बरे आहे ना?" मला न विचारता दिवस ठरवला याचा गुरूला राग आला होता. तो म्हणाला, "आज अजिबात बरे नाही. लग्न केलेत तर सत्यानाश होईल." वऱ्हाड घरीच थांबले. इकडे खेड्यात मांडव सजलेला, स्वयंपाक झालेला, पाहुणे जमलेले. वाट बघून बघून मुलीकडचे वैतागले आणि त्यांनी मुलगी दुसऱ्या घरी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी शहरवाले वाजतगाजत हजर! मग काय, भांडण. तिथे आलेला एक शहाणा माणूस म्हणाला, की नक्षत्राची वाट बघत बसणाऱ्या मूर्खाच्या हातून भले निसटते, आणि भले होणे हेच भल्याचे नक्षत्र असते. आकाशातले तारे त्यात काय करणार? मुहूर्ताचा घोळ, गुरूचा अहंकार, मुलीकडच्यांची घालमेल, सगळे आपल्या गावातले वाटते. आणि कथा दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

बुद्ध झाले वेगळ्या वाटेचे, असे कोणी म्हणेल. पण राज्यकारभार शिकवणारा कौटिल्य आपल्या अर्थशास्त्रात तेच सांगतो, की जो पोरकट माणूस सारखे नक्षत्र विचारत बसतो त्याच्या हातून संपत्ती निघून जाते. मनुस्मृतीतही नक्षत्रे सांगून पोट भरणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीत बसवू नये असे म्हटले आहे. मनुस्मृतीने बायकांना काय दिले ते आपल्याला चांगले ठाऊक आहे, तेव्हा तिचे कौतुक करायचे नाही. आमचा मुद्दा एवढाच, की जोशाकडे संशयाने बघणारे लोक त्या काळीही होते आणि ते सगळे धर्माबाहेरचे नव्हते.

आता सगळ्यांत मोठ्या जोशीबुवांकडे वळू. वराहमिहिर. सहाव्या शतकात उज्जैनकडे होऊन गेले. आजही पंचांगवाले त्यांचे नाव घेतात. या माणसाजवळ आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत, कारण विश्वास आणि शंका दोन्ही याच एका माणसात सापडतात.

ग्रहणात राहू चंद्राला गिळतो, असे लोक मानत. वराहमिहिरांनी बृहत्संहितेत स्पष्ट लिहिले, की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, राहू हे त्याचे कारण नव्हे. हे लिहून चौदाशे वर्षांहून जास्त काळ गेला. आणि आपल्या पोटुशी लेकी-सुनांना आजही ग्रहणात विळी धरू देत नाहीत, पाणी पिऊ देत नाहीत.

त्यांचा दुसरा गुण असा, की ते पोथीपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायला सांगत. जुन्या ग्रंथांत सूर्य दक्षिणेकडे वळण्याची जागा आश्लेषा नक्षत्रात सांगितली होती. वराहमिहिरांनी लिहिले, की पूर्वी तसे असेल, पण आता तो कर्क राशीच्या आरंभी वळतो. फरक वाटला तर स्वतः बघून खात्री करा. त्यांच्या काळी मकरसंक्रांत आणि उत्तरायण साधारण एकाच वेळी येत. आज उत्तरायण २२ डिसेंबरच्या आसपास सुरू होते आणि संक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीला करतो. आकाश सरकले, पोथी जागेवर राहिली. तिळगूळ गोडच लागतो, ती गोष्ट वेगळी.

बायकांविषयी त्यांनी एक अख्खा अध्याय लिहिला, स्त्रियांच्या स्तुतीचा. त्यात ते पुरुषांनाच विचारतात, की असा कोणता दोष बायकांत आहे जो पुरुषांनी आधी केलेला नाही? नवरा-बायकोपैकी कोणीही वाट सोडली तर शास्त्राने दोष सारखाच धरला आहे, पण पुरुष तिकडे बघत नाहीत, बायका बघतात, असेही ते म्हणतात. सहाव्या शतकात! वाचून आम्हाला फार बरे वाटले.

आणि मग त्यांचा दुसरा ग्रंथ उघडावा, बृहज्जातक. त्यात बायकांच्या पत्रिकेचा वेगळा अध्याय आहे, स्त्रीजातक. त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात, की पत्रिकेतली जी फळे बाईच्या बाबतीत शक्य नसतील ती तिच्या नवऱ्याच्या नावाने सांगावीत. आणि नवऱ्याचे मरण कुठे बघायचे? तिच्या पत्रिकेतल्या आठव्या घरात. ज्याने पुरुषांना आरसा दाखवला त्याच माणसाने नवऱ्याचे आयुष्य बायकोच्या कागदावर लिहून ठेवले. आज आपल्या मुलींना मंगळ म्हणून जो नकार येतो त्याची मुळे अशा ओळींत आहेत. आमचे मत विचाराल तर ग्रहणाबद्दल लिहिताना वराहमिहिरांनी बघितले आणि लिहिले. इथे मात्र त्यांनी लोक मानत होते तेच लिहिले. त्या काळी बाईचे भविष्य म्हणजे तिचा नवरा, दुसरे काय असणार? ग्रहांनी तेवढी री ओढली.

तिथून सहाशे वर्षे पुढे आणि आपल्या खानदेशात येऊ. चाळीसगावजवळ पाटणादेवीचे देऊळ आहे, तुमच्यातल्या कित्येकजणी नवरात्रात तिथे गेल्या असतील. त्या पाटण गावात शके ११२८, म्हणजे सुमारे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाला कोणी काय द्यायचे ते त्यात सांगितले आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाने पळीभर तेल द्यायचे. म्हणजे तारे मोजणाऱ्यांच्या दिव्याला तेल गावच्या घाण्यांनी पुरवले.

भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची, गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिच्या पत्रिकेत वैधव्य दिसले. वडिलांनी गणित करून एकच एक शुभ घटका शोधली. घंगाळात पाणी, त्यावर तळाला बारीक भोक पाडलेली वाटी; वाटी पाण्याने भरून बुडाली की घटका भरली. लीलावती कौतुकाने वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरचा मोती वाटीत पडून भोक बुजले. वाटी बुडलीच नाही, मुहूर्त टळला. मग वडील म्हणाले, तुझ्या नावाने असे पुस्तक लिहीन की ते जगभर राहील.

गोष्ट मनाला चटका लावते. पण ती भास्कराचार्यांच्या पुस्तकात कुठेही नाही. पुस्तक ११५० सालचे. गोष्ट लिहिली अकबराच्या दरबारातल्या फैजीने, १५८७ साली, 'लीलावती'चे फारसी भाषांतर करताना. मधे चारशे सदतीस वर्षे गेली. मूळ पुस्तकात मुलगी आहे, तिला लाडाने हाका मारल्या आहेत आणि तिच्यापुढे गणिते घातली आहेत, की भुंग्यांच्या थव्यातले इतके कमळावर गेले तर उरले किती? तिथे ती हिशेब करणारी हुशार मुलगी आहे. नंतरच्या गोष्टीत ती मुहूर्त टळलेली अभागी लेक झाली. आपल्यापर्यंत गणित पोचले नाही, मोती तेवढा पोचला.

आता १८५५ साल. पुणे. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात एक कुणबी बाई आहे, पोटुशी. नवरा घरी नसताना एक जोशी दारात येतो, गोड बोलतो आणि तिच्या मनात भीती घालतो, की तुझ्या पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा आहे. मग ती टाळण्यासाठी अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले, आणि गरिबाच्या घरात होते-नव्हते ते खर्ची पडले. जोतीरावांनी नेमकी जागा पकडली. पोटातल्या लेकराच्या काळजीपुढे कोणती बाई हिशेब करते? नाटकाच्या शेवटी ते नवरा-बायको ठरवतात, की आता फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचे. दोघांनीही, हे महत्त्वाचे. फुल्यांनी हे नाटक तेव्हाच्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि ते छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले.

शिकलेल्यांना भीती वाटत नाही असे मात्र समजू नका. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांना १९६२ सालच्या अष्टग्रहीबद्दल विचारा. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ एका मकर राशीत आले. जगबुडी होणार अशी हाकाटी देशभर उठली. ठिकठिकाणी होम झाले, पोटात जायचे ते तूप आगीत गेले, लोकांनी प्रवास आणि कामे पुढे ढकलली. पंतप्रधान नेहरूंनी ही भीती हसण्यावारी नेली, तरी शहरांतले शिकलेले लोकही देव पाण्यात ठेवून बसले. ५ तारीख गेली, ६ तारखेला सूर्य उगवला, म्हशींच्या धारा काढल्या गेल्या. यात एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रह एका राशीत येणार हे गणित अगदी बरोबर निघाले. त्यातून काढलेला जगबुडीचा अर्थ तेवढा खोटा ठरला.

पत्रिकेची सरळ परीक्षा आपल्या पुण्यातच झाली, २००८ साली. शास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून मिसळल्या. ज्योतिषांनी पत्रिका बघून एवढेच सांगायचे, की हे मूल हुशार की मतिमंद? प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी काढली तर शंभरात ४६ बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी शंभरात ५० च्या आसपास बरोबर आली असती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ बरोबर निघाली, म्हणजे तेही नाण्याइतकेच.

याने विश्वास मोडला का? नाही. त्याआधी २००१ साली विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे सरकारी पातळीवर ठरले होते. काही शास्त्रज्ञ कोर्टात गेले, पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. विश्वास ठेवणाऱ्यांचे एक म्हणणे आम्हालाही समजते. लेकीला अनोळखी घरात द्यायची असते, पुढचे काहीच दिसत नसते, तेव्हा कोणीतरी "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात" म्हटले की आईच्या जिवाला आधार वाटतो. हा आधार आम्ही कोणाचा हिसकावून घेणार नाही. पण तोच कागद दुसऱ्या आईच्या लेकीला नाकारायला वापरला जातो, तेव्हा बोलावे लागते.

म्हणून शेवटी मंगळाचा हिशेब सांगतो. पुढच्या बैठकीत रांगोळीने जमिनीवर बारा घरे काढा. पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे, या पाच घरांत हळद टाका. या पाचांपैकी कुठेही मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे असे म्हणतात. पृथ्वी फिरते तशी साधारण दर दोन तासांनी पूर्वेला नवी रास उगवते आणि मंगळ एकेक घर सरकतो. चोवीस तासांत बारा घरे होतात. म्हणजे रोजच्या चोवीस तासांतले साधारण दहा तास असे, की त्या वेळात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला मंगळ असतो. शंभरात साधारण बेचाळीस बाळे. काही ज्योतिषी चंद्रापासूनही घरे मोजतात. मग तर शंभरातली पासष्टच्या वर होतात. आणि त्यांतले निम्मे मुलगे असतात. गावात मंगळाची म्हणून घरी बसवलेली मुलगी कोण ते सगळ्यांना ठाऊक असते. मंगळाचा म्हणून घरी बसवलेला मुलगा आठवतो का, तेही त्याच बैठकीत एकमेकींना विचारा. आणि बैठकीतल्या थोरल्या बायकांना त्यांची जन्मवेळ विचारा. कोणी सांगेल दिवेलागणीला, कोणी सांगेल गाई घरी आल्या तेव्हा, कोणी सांगेल पहिला कोंबडा आरवला तेव्हा. त्यावरून दोन तासांचे घर नेमके कोणते धरायचे, ते रांगोळीवर बोट ठेवून ठरवून बघा.